चूल घ्यायच्या आधी अंगणातलं जळतन मोजा

आमच्या सपरीत एक चकचकीत स्टीलची चूल आहे, तिच्यात सध्या कांदे ठेवलेत. तीन वर्षांपूर्वी मी ती साडेतीन हजाराला घेतली. खाली बारका पंखा, बॅटरी, चार्जर, वर गॅससारखी ज्योत, दुकानदाराने लाकडाच्या ढलप्या टाकून बघता बघता पाणी उकळून दाखवलं आणि मी भाळले. पहिले चार दिवस नुसतं कौतुक, शेजारच्या बाया येऊन पाहून गेल्या. पाचव्या दिवशी सासूबाईंनी तव्यावरची भाकर उचलली आणि नेहमीच्या सवयीने चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी करायला गेल्या, तर या चुलीला तोंडच नाही. गोल डबा, निखारे आत खोल बुडाशी. अर्धी कच्ची भाकर हातात धरून त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, "पाय वं, इस्तो त डब्यात कोंडला, आता हे फुगवू कुठी?"

त्या चुलीत वाईट काही नव्हतं हे आधीच सांगते. धूर खरंच कमी व्हायचा. पण तिला लागायचे बोटभर लाकडाचे तुकडे नाहीतर पेलेट म्हंजे दाबून केलेल्या भुशाच्या कांड्या, आणि आमच्या अंगणात होती पऱ्हाटी, म्हंजे कपाशीच्या वाळक्या काड्या. दोन पुरुष उंचीचा ढीग. एका वेळच्या सैपाकासाठी पऱ्हाटीचे तुकडे करत बसायला अर्धा तास, तो कुणी द्यायचा? मग एकदा बॅटरी गेली, एकदा लाइन नव्हती म्हणून चार्ज नाही झाली, आणि चूल हळूहळू सपरीत सरकली. माझी चूक एवढीच की मी चूल पाहून चूल घेतली. घरात जळतं काय आणि शिजतं काय हे पाहिलंच नाही.

नंतर मी बरंच वाचलं, दोन-तीन प्रकारच्या चुली वापरून आणि एक स्वतः रचून पाहिली, तर जे कळलं ते जमेल तसं सांगते.

आधी एक गोंधळ काढून टाकू. मोबाइलवर 'वुड स्टोव्ह' किंवा 'मल्टीफ्युएल स्टोव्ह' असं शोधलं की काचेच्या दाराच्या, ओतीव लोखंडाच्या सुंदर पेट्या दिसतात. त्या थंड देशातल्या खोली गरम करायच्या भट्ट्या आहेत, सैपाकाच्या नव्हेत. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, आपल्याला खोली गरम करून काय करायचंय. पण त्या लोकांकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हंजे ओल्या लाकडाबद्दलचा कडकपणा, इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून लहान गठ्ठ्यात विकायचं सरपण असेल तर त्यात पाणी २० टक्क्यांच्या आत पाहिजे असा नियमच आहे. आणि दुसरी म्हंजे 'मल्टीफ्युएल' या शब्दाचा खरा अर्थ. तो मुख्यतः आगीखालच्या जाळीशी निगडित आहे. लाकूड राखेच्या गादीवर पडून, वरून हवा मिळाली तरी छान जळतं. दगडी कोळशाला मात्र खालून हवा पाहिजे, म्हणून त्याला जाळी लागते, आणि राख खाली पडत राहिली पाहिजे. जी भट्टी हे दोन्ही सांभाळते ती मल्टीफ्युएल. म्हणजे 'यात काहीही टाका, जळतं' असा त्याचा अर्थ नाही, जरी आपल्याकडचा विकणारा तसंच सांगत असला तरी.

आता लाकूड जळतं म्हणजे नेमकं काय होतं हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. काडी पेटवली की आधी तिच्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग साधारण अडीचशे-तीनशे अंशाच्या पुढे लाकूड फुटायला लागतं आणि त्यातून वायू निघतो. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ती या वायूची, लाकडाची नाही. कोरड्या लाकडाचं तीन चतुर्थांशाहून जास्त वजन असं वायू होऊन उडून जातं आणि उरतो तो कोळसा, तो ज्वाळेशिवाय लाल होऊन जळतो. मग धूर काय? धूर म्हंजे न जळलेला वायू आणि काजळी. म्हणजे डोळ्यात जातो तो धूर ही तुमच्या जळतनातलीच उष्णता आहे, जी गंजाला म्हंजे पातेल्याला लागायच्या ऐवजी छपराच्या कवेलूला लागली. त्या धुराला जाळायचं तर त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात, भरपूर ताप, पुरेशी हवा, आणि जळायला थोडा वेळ म्हणजे थोडी जागा. ज्वाळेवर लगेच थंड पाण्याचा गंज टेकला की वायू अर्धवट जळून तिथेच विझतो आणि गंजाच्या बुडाला काजळी चिकटते. बाजारातल्या यच्चयावत सुधारित चुली याच तीन गोष्टींचा कुठला ना कुठला जुगाड आहेत, बाकी सगळा पत्रा आणि रंग.

ओल्या लाकडाचं गणित मला फार आवडलं म्हणून जरा सविस्तर. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी असतं. एक किलो ओलं लाकूड घेतलं तर त्यात अर्धा किलो पाणी. ते पाणी तापवून त्याची वाफ करायला उरलेल्या अर्धा किलो लाकडाच्या उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा जातो. वाटतं, सातवाच ना, चालतं. पण खरं नुकसान ते नाहीच. वाफेमुळे चुलीतला ताप उतरतो, ताप उतरला की वायू पेटत नाही, आणि सगळंच धूर होऊन जातं. म्हणून ओल्या बाभळीवर दहा हजाराची चूलसुद्धा रडते आणि वाळलेल्या बाभळीवर आपली मातीची चूलसुद्धा बरी वागते. विदर्भाचं ऊन हे आपलं सगळ्यात स्वस्त मशीन आहे. फेब्रुवारी-मार्चपर्यंत लाकूड तोडून, फोडून (फोडणं महत्त्वाचं, अख्खं ओंडकं आतून वर्षभर ओलं राहतं), जमिनीपासून वीतभर उंच रचून ठेवायचं आणि मृग लागायच्या आत वर टिन टाकायचं. वाळलं की नाही पाहायला मीटर नको. टोकाला चिरा पडतात, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की ठण्ण वाजतात. भद्द आवाज आला तर अजून पंधरा दिवस.

आता जळतनाकडे येऊ, कारण खरी निवड इथेच होते.

वऱ्हाड-वर्ध्याकडे सगळ्यात जास्त काय असतं तर पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी, म्हंजे तुरीच्या काड्या. ही हलकी, भुर्रकन पेटणारी. ज्वाळा मोठी देते, निखारा थोडका ठेवते, आणि सारखी पुढे सरकवत बसावं लागतं. तिला पाहिजे रुंद, समोरून उघडी चूल, जिच्यात हातभर लांब काड्या तशाच जातील. वांगी भाजायला तर तुऱ्हाटीसारखं दुसरं काही नाही, पण त्यासाठी चूल घ्यायची गरजच नाही, अंगणात जाळ केला की झालं. पऱ्हाटीबद्दल एक गोष्ट मात्र चुलीपेक्षा शेताची आहे. तिच्या वाळक्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून हंगाम संपला की पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतं. आम्हीही वर्षानुवर्षं बांधावरच ढीग लावायचो. म्हणजे जळतन म्हणून जी वर्षभर साठवायची तीच पुढच्या कपाशीवर अळी सोडणार. आता आम्ही बोंडं झोडून, लागेल तेवढीच घराजवळ ठेवतो आणि ती उन्हाळ्याच्या आत संपवायला पाहतो. ज्यांचा सगळा भार पऱ्हाटीवर आहे त्यांनी हा हिशेब धरूनच चूल पाहावी, कारण पावसाळ्यात हाताशी वेगळंच काहीतरी असणार आहे.

बाभूळ, खैर, धावडा असलं जड लाकूड असेल तर राजा माणूस. सावकाश जळतं, निखारा टिकतो, भाकरीला हेच. कडुलिंब जळतो पण धूर कडू. कण्हेर मात्र अजिबात नको, विषारी झाड आहे, तिचा धूरही बाधतो आणि तिच्या काडीने काही ढवळू पण नये.

गवऱ्या. गवरीत उष्णता लाकडापेक्षा कमी, राख भरपूर, आणि ती धुमसते जास्त, पेटते कमी. दूध आटवायला, रोडगे भाजायला, हुरड्याला गवरीला तोड नाही, पण बंद खोलीतल्या रोजच्या सैपाकाला ती सगळ्यात धुरकट. जाळी असलेल्या चुलीत गवरी टाकली की राखेने जाळी बुजते आणि अर्ध्या सैपाकात सळई घालून खरडत बसावं लागतं. शेण भरपूर असेल तर खरं तर गवऱ्या थापण्यापेक्षा गोबरगॅस परवडतो. रोज साधारण २५ किलो शेणावर एक घनमीटर गॅस निघतो आणि स्लरी शेताला परत मिळते, म्हणजे शेण जळतही नाही. पण त्याला रोज पाणी, रोज शेण आणि रोज कुणीतरी घोळणारं माणूस लागतं, थंडीत गॅस कमी होतो, आणि गुरं विकली की खड्डा कोरडा. आमच्या गावात असे कोरडे तीन आहेत.

भंडारा-गोंदियाकडे धानाचं तूस फुकटात मिळतं म्हणून लोक ते कुठल्याही चुलीत ढकलतात. तूस दाबून भरलं की त्याला हवाच मिळत नाही आणि वर त्याची पाचवा हिस्सा राख होते. त्याला तुसासाठीच बनवलेली चूल पाहिजे, नाहीतर फक्त धूर. तूस एका वेगळ्या कामाला फार छान, ते पुढे येतंच.

वणी, चंद्रपूर, उमरेडकडे दगडी कोळसा. त्याला जाळी, खालून हवा, आणि बाहेर उघड्यावर. यावर मी वाद घालणारच नाही, घरात कोळसा नको.

आणि प्लास्टिक, औषधांचे पुडे, रंगवलेली फळी, यातलं काहीच नको. पेटवायला कॅरीबॅगचा तुकडा टाकायची सवय आमच्याकडेही होती, तो वास मुलांच्या छातीत जातो.

आता चुलींचे प्रकार, फार नाहीत. पहिली आपली मातीची, बाजूला वैल असलेली. हिला नावं ठेवण्याआधी हे मान्य करू की ती तुमच्या गंजाच्या मापाने बनते, काहीही जाळते, भाकर फुगवते आणि फुटली तर सकाळी पोतारून संध्याकाळी तयार. तोटा असा की जळतनाच्या शंभर भाग उष्णतेतले जेमतेम दहा-पंधरा गंजाला लागतात. आणि लोकांना वाटतं जाड माती उष्णता धरून ठेवते म्हणून चांगली. उलट आहे. जाड माती आधी स्वतः तापते, सकाळच्या चहाचं निम्मं सरपण मातीच खाते, आणि सगळा सैपाक आटोपल्यावर ती दिवसभर गरम राहते, मांजर जाऊन बसते तिथे. उष्णता अडवायला जड वस्तू नाही तर पोकळ वस्तू लागते, जिच्यात हवेचे कप्पे आहेत. म्हणून मातीत तूस मिसळून भाजलेली हलकी वीट किंवा दोन भिंतींमध्ये भरलेली राख, हे खरं अडवणारं. तुसाचं काम म्हटलं ते हेच.

दुसरी, जिला रॉकेट चूल म्हणतात. नाव भारी पण आहे साधी. ऐंशीच्या दशकात लॅरी विनियार्स्की नावाच्या अमेरिकन माणसाने तिची तत्त्वं मांडली. इंग्रजी एल अक्षरासारखं नळकांडं, आडव्या भागातून काड्या आत, उभ्या भागात ज्वाळा आणि वर गंज. आतून साधारण चार इंच रुंद आणि उभं नळकांडं त्याच्या दुप्पट-तिप्पट उंच. काड्या एका छोट्या फळीवर टेकतात आणि फळीखालून हवा जाते. उभं नळकांडं तापलं की धुराला तिथेच जळायला वेळ मिळतो. तुकडे करायचे नाहीत, लांब काडी तशीच टोकाने पेटते आणि पुढे सरकवायची, ज्यांना जाळ कमी-जास्त करायचा त्यांना हे लगेच जमतं. पऱ्हाटीही चालते, फक्त चार इंचात तिच्या फांद्या अडकतात, त्या आधी मोडून घ्याव्या लागतात. निखारा थोडका आणि खाली असतो, म्हणजे भाकरीचा प्रश्न इथेही थोडा आहेच. आधी विटा रचून करून पाहा, पैसे न घालवता कळतं की आपल्याला ही जमते की नाही.

तिसरी पंख्याची, माझी कांद्याची. हिच्यात जळतन वरपर्यंत भरायचं आणि वरून पेटवायचं. आग खाली खाली उतरते, वायू वर येतो आणि वरच्या भोकातून येणाऱ्या हवेत स्वच्छ जळतो. फार हुशार कल्पना आहे आणि तीनमध्ये सगळ्यात कमी धूर हिचाच. पण भरलेलं संपलं की संपलं. मध्येच निखाऱ्यावर नवीन काड्या टाकल्या की भपकन धूर. चार माणसांचा वरण-भात ठीक, पण पाहुणे आले आणि तीस भाकरी टाकायच्या असल्या तर मध्येच चूल रिकामी करून पुन्हा भरायची? ज्यांच्या गावाजवळ पेलेट नेमाने मिळतात, ज्यांचा सैपाक ठरावीक आहे, त्यांनी जरूर घ्यावी.

या तिन्हीत कुठलीही घेतली तरी दोन गोष्टी हाताने तपासा. गंज आणि चुलीच्या काठात बोटाच्या जाडीएवढी फट हवी. जास्त असली तर ज्वाळा बाजूने पळते, अगदीच चिकटला तर चुलीचा श्वास कोंडतो. आणि दुसरी, गंज ठेवून जोरात घोटून पाहा. ज्वारीच्या कण्या नाहीतर दहा माणसांचं चून म्हंजे पिठलं घाटताना दोन्ही हातांचा जोर लागतो, उंच हलकी चूल तेव्हा डगमगते. उकळतं चून मांडीवर पडल्यावर ज्योत निळी होती की पिवळी हे कुणी विचारत नाही.

धुराड्याचं थोडं. चूल कमी धूर करते आणि धुराडं तो बाहेर नेतं, ही दोन वेगळी कामं आहेत, एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. गरम हवा हलकी म्हणून वर चढते, एवढंच धुराड्याचं इंजिन. त्यामुळे ते शक्यतो सरळ उभं हवं, आडवं फिरवलं की ओढ मेली. छपराच्या आढ्याच्या वर दोन-तीन फूट निघालं पाहिजे, नाहीतर वारा धूर परत घरात दाबतो. सकाळी थंड धुराडं ओढत नाही, तेव्हा आधी त्याच्या बुडाशी मूठभर तुऱ्हाटी पेटवायची, नळी तापली की मग चूल. कुडाच्या भिंतीला किंवा गवती छपराला नळी टेकू देऊ नका, तिथून घरं पेटतात. आणि महिन्यातून एकदा आतून खरडायचं.

ही शेवटची गोष्ट लिहायला सोपी आहे पण हिच्यापायी किती चुली मेल्या. ज्या वर्ध्याला आम्ही बाजाराला जातो तिथल्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम चाललं, मगन चूल नावाची बिनधुराची चूल तिथूनच निघाली, म्हणजे हा विषय आपल्या दारातला आहे. पुढे ऐंशीच्या दशकात सरकारने देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम घेतला, २००२ साली तो गुंडाळेपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या. आमच्या घरीही एक होती, सासूबाई सांगतात. सिमेंटचा पाइप, दोन भोकं, भोकं त्यांच्या गंजापेक्षा लहान. पाइप वर्षभरात काजळीने गच्च झाला, साफ कसा करायचा हे कुणी सांगितलंच नव्हतं, मग धूर सगळा घरात. सासऱ्यांनी ती फोडून जुन्या मापाची चूल परत घातली. बसवणाऱ्याने मोजल्या चुली, बाईचा गंज मोजलाच नाही.

धुराबद्दल भीती घालायची नाही पण आकडा माहीत असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख लोक गेले. आणि जो धूर दिसत नाही तो जास्त वाईट. पेटत्या निखाऱ्याची शेगडी थंडीत खोलीत घेऊन दार लावून झोपतात, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, झोपलेलं माणूस उठतच नाही. निखारा कितीही धूररहित दिसला तरी बंद खोलीत नाही म्हंजे नाही.

मग गॅसच का नाही? खरं सांगू, परवडत असेल तर गॅसच. उज्ज्वला योजना मे २०१६ ला आली, आमच्या गावात आता शोधूनही बिनगॅसचं घर सापडत नाही, पण भरलेलं सिलिंडर असलेली घरं मोजायला गेलं तर चित्र वेगळं. मी एकदा वहीवर हिशेब मांडला. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सैपाकाला जेवढी उष्णता लागते तेवढी साध्या चुलीतून काढायला दोनशे किलोच्या आसपास वाळलं लाकूड जाळावं लागतं. तीच चूल चांगली असेल, म्हणजे पंचवीस टक्के उष्णता गंजाला देणारी, तर शंभर किलो. आता तुम्ही ठरवा, दोनशे किलो म्हणजे किती मोळ्या, आणि त्या कुणाच्या डोक्यावर. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत तर सरपणाला जंगलात जाणं म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणं आहे, तिथल्या बाईसाठी शंभर किलो वाचणं म्हणजे तेवढ्या खेपा वाचणं.

दुकानात चूल पाहताना आयएस १३१५२ हा आकडा विचारा. बायोमासच्या, म्हंजे लाकूड-काड्या असलं जळतन जाळणाऱ्या, उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठीचं हे भारतीय मानक आहे, २०१३ मध्ये ते सुधारलं. त्यात पंख्याविनाच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला किमान ३५ टक्के उष्णता भांड्याला देणं बंधनकारक आहे, वर धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचीही मर्यादा. हे प्रयोगशाळेत, वाळलेलं मापाचं लाकूड घेऊन मोजतात, म्हणून घरी त्याहून कमीच मिळणार हे धरून चाला. तरी ज्याच्याकडे हा कागदच नाही त्याच्या 'ऐंशी टक्के बचत' ला हसून पुढे जायचं.

आमच्याकडे शेवटी काय झालं तर एकच चूल ठेवायचा हट्टच सोडला. सकाळचा चहा आणि डबे गॅसवर. अंघोळीचं पाणी आणि गुरांचं अंबोण बाहेर अंगणात, विटांच्या रॉकेट चुलीवर, पऱ्हाटी मोडून. निम्म्याहून जास्त सरपण पाण्यालाच जायचं हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं, आणि तो सगळा धूर घरात व्हायचा. भाकर मात्र आतल्या मातीच्या चुलीवर, तिला आता धुराडं आहे आणि आतून तूस-मातीचा हलका थर दिलाय, तोंड मात्र सासूबाईंच्या मापाने, वीतभर रुंद.

मागच्या हिवाळ्यात बचत गटाच्या मेळाव्यात एक पोरगा चुलींचा स्टॉल लावून बसला होता, सोबत ढलप्यांची सुंदर पिशवी. सासूबाईंनी घरून येताना कुणाला न सांगता पदराखाली पऱ्हाटीची जुडी आणि डब्यात ज्वारीचं मळलेलं पीठ आणलं होतं. जुडी त्याच्यासमोर ठेवली. "बाबू, हे जाळून दाखव अन् याच्यावर एक भाकर फुगवून दे, मंग भाव सांग." पोरगा चांगला होता, हसला, खुर्ची सरकवून त्यांनाच बसायला दिली आणि स्वतः पऱ्हाटी मोडायला लागला.